दोन बोटं वर

लसीचं इंजेक्शन घेतल्यापासून खांदा दुखतोय, महिने झाले, असं सांगितलं की समोरचा दोनच गोष्टी विचारतो, लस कुठली होती आणि मध्ये काही जड उचललं होतं का. नेमकं कुठं टोचलं होतं, बोट ठेवून दाखवा, असं कुणी विचारत नाही. मला ते पहिल्यांदा विचारलं गेलं लस घेतल्यावर साडेतीन महिन्यांनी. तोपर्यंत माझा डावा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला होता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, लांब होईल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी सांगलीला गावभागात राहते, घरीच पेटीचे क्लास घेते, वय तेव्हा ४८. कोविडच्या लसीचा पहिला डोस ८ एप्रिल २०२१ ला झाला, १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना सुरू झालं होतं ना, तेव्हाच. कोविशील्ड, डावा हात. दंड दोन दिवस जड होता, थोडी कसर होती अंगात, तिसऱ्या दिवशी मी विसरून पण गेले. मग मे आला. त्या मे महिन्याबद्दल जास्त लिहवत नाही. माझे मोठे दीर गेले, पुढच्या आठवड्यात घेऊ लस, पुढच्या आठवड्यात घेऊ, करत त्यांचा पहिला डोससुद्धा राहिला होता. त्यामुळं दुसऱ्या डोससाठी मी कॅलेंडरवर दिवस मोजत होते. दोन डोसमधलं अंतर मे मध्येच वाढवून १२ ते १६ आठवडे केलं होतं, म्हणजे ८४ दिवस झाल्याशिवाय नाहीच, १ जुलैला माझे ८४ भरले आणि नंबर लागला ९ जुलैला, शुक्रवारी. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं मला बऱ्याच जणांनी लसविरोधी समजून वागवलं. मी तशी नव्हते आणि आजही नाही.

आता त्या दिवशी काय झालं ते. सकाळी सातपासून रांग, टोकन, पावसाची भुरभुर. मी घातला होता पंजाबी ड्रेस, लांब बाहीचा, बाही एकदम फिटिंगची. आत एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, सिस्टर उभ्या. बाही वर सरकवायला गेले तर कोपराच्या वर येईचना. मागं रांग, सगळे खोळंबलेले. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे ताई, गळ्याकडनं खाली ओढा." मी गळा ताणून डावीकडं ओढला, तर उघडं काय पडलं, फक्त खांद्याचा वरचा गोलवा. दंड बाहीच्या आतच. त्यांनी तिथंच कापूस फिरवला आणि वरून खाली हात आणून टोचलं. पहिल्या वेळी सुई मांसात गेल्यासारखी वाटली होती, ह्या वेळी काहीतरी टणक लागल्यासारखं झालं, हाडाजवळ लागलं की कसं शिरशिरतं तसं. पण सेकंदाचं काम ते. "झालं, दाबून धरा, चोळू नका, अर्धा तास बसा बाहेर." बसले, घरी आले.

त्या सिस्टरबद्दल माझ्या मनात राग नाही. मास्क, अंगावर तो प्लास्टिकचा झगा, चेहऱ्यावरनं घाम निथळतोय, सकाळपासून किती दंडांना टोचलं असेल कोण जाणे. त्यांना एक जादा खुर्ची कुणी दिली असती, म्हणजे त्या बसून टोचू शकल्या असत्या, आणि रांगेच्या सुरुवातीलाच "सैल बाहीचे कपडे घालून या" एवढी एक पाटी कुणी लावली असती, तर माझं वर्ष वाचलं असतं. त्यांना धारेवर धरून काय होणार, व्यवस्था लावणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत ठीक होते. रात्री नऊच्या सुमारास ठणका सुरू झाला, आणि तो दंडात नव्हता, एकदम वर, जिथं खांदा संपतो तिथं. दाढ ठणकते ना, तसा. ताप नाही, कणकण नाही, बाकी सगळं अंग बरं, एवढी एक जागा. गोळी घेतली. डाव्या कुशीवर होता येईना, उजव्या कुशीवर झालं तर डावा हात खाली लोंबतो आणि ओढ बसते, शेवटी पोटावर उशी घेऊन तिच्यावर हात ठेवून पडले. कराडच्या बहिणीला मेसेज केला, रात्री ११:४० ला, "डावा हात वरनं ठणकतोय, पहिल्या डोसला असं नव्हतं, कुशीवर होता येईना." एवढाच. हा मेसेज पुढं किती कामाला येणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं.

दोन दिवस गेले, चार गेले, आठ गेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले दुखतं हो दोन-तीन दिवस. म्हणलं आठ झाले, तर म्हणाले एखाद्याला जास्त दिवस राहतं, शेका. तेव्हा सगळ्यांना सांभाळायचं होतं त्यांना, मी पण जास्त ताणलं नाही.

२० जुलैला आषाढी होती. वारी नव्हती, देऊळ बंद, पण आमच्या भजनी मंडळातल्या आम्ही चौघीजणी दरवर्षी त्या संध्याकाळी बसतो, मग आमच्याच घरी मास्क लावून लांब लांब बसलो. पेटी वाजवणाऱ्यांना माहिती असेल, उजवा हात स्वरांवर आणि डाव्या हातानं मागचा भाता. बघणाऱ्याला वाटतं भात्याला काय, नुसतं मनगट हलतंय. पण तो हात पेटीच्या पलीकडं न्यायचा, तिथं अधांतरी धरायचा आणि तासभर सतत मागं-पुढं करायचं, सगळा भार खांद्यावर येतो. दुसऱ्याच अभंगाला माझा हात भात्यावरून गळून पडला. लेक शेजारी बसली होती, तिनं काही न बोलता भाता हातात घेतला. ती भाता मारतेय आणि मी एका हातानं वाजवतेय, असं आम्ही उरलेलं सगळं भजन केलं. तिला माझी लय माहिती, मी कुठं श्वास घेते ते पण माहिती, कुठंही हवा कमी पडली नाही. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

आणि तिसऱ्या दिवशी कृष्णेला पूर.

२०१९ मध्ये जे सोसलं होतं ते आठवून ह्या वेळी आम्ही वाट बघत बसलो नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. आकडा पळायला लागला की आवरायचं. ह्या वेळी पाणी पन्नास फुटांच्याही वर गेलं. गहू-तांदळाचे डबे, गाद्या, कागदपत्रं, देव, सगळं माळ्यावर. पेटी मला उचलवेना, म्हणजे उजव्या हातानं उचलली पण डावा आधाराला लावला तेव्हा कळ अशी आली की पेटी खालीच ठेवली, शेजारच्या पोरानं ती वर चढवली. बाकी मात्र मी उचललंच, घरातलं बाईमाणूस अशा वेळी हात बांधून कसं बसेल. विश्रामबागला नणंदेकडं गेलो, पाणी उतरल्यावर परत आलो, मग चिखल. तो चिखल ज्यांनी काढलाय त्यांनाच माहिती, फावड्यानं, खराट्यानं, बादल्याच्या बादल्या. पंधरा दिवस. गोळ्या खाऊन केलं सगळं.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांकडं गेले तेव्हा हात बाजूनं वर करताना अर्ध्यात कळ यायची, मागं तर जातच नव्हता. त्यांनी विचारलं काय केलंत, म्हणलं पूर. म्हणाले मग बरोबर आहे, स्नायू ओढला गेलाय. मी म्हणलं, डॉक्टर, पण हे लसीच्या दिवसापासून आहे. ते थोडे चिडलेच. म्हणाले, आता सगळ्याच गोष्टी लसीवर ढकलायला लागलेत लोक. त्यांचं पण मला समजत होतं. जूनमध्येच नाशिकचा तो व्हिडिओ सगळीकडं फिरला होता, लस घेतल्यावर अंगाला चमचे-नाणी चिकटतात म्हणून, आणि डॉक्टर लोक ते खोडून खोडून वैतागले होते. त्यात मी जाऊन उभी राहिले. लसीनं काहीतरी झालं असं म्हणणारी आणखी एक.

दुसऱ्या बाजूनं वेगळाच त्रास. आमच्या ओळखीतल्या एकांना माझं कळलं, तर ते लगेच माझं उदाहरण देऊन लोकांना सांगायला लागले, बघा हिचा हात गेला लसीनं, घेऊ नका. मी त्यांना फोन करून सांगितलं, माझं नाव घेऊन असलं काही सांगू नका, माझे दीर लस न घेता गेलेत. म्हणजे जे लसीच्या बाजूचे त्यांना माझं दुखणं खोटं वाटत होतं आणि जे विरोधातले त्यांना ते फार सोयीचं वाटत होतं, आणि माझा खांदा रात्रभर ठणकत होता तो ठणकतच होता. ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटायचं.

सप्टेंबर. गौरी-गणपतीत आरतीचं तबक डाव्या हातानं धरता येईना. वेणी घालता येईना, लेक घालून द्यायची. ब्लाऊज पुढच्या हुकांचे शिवून घेतले. वाळत टाकायचे कपडे उजव्या हातानं दोरीवर फेकायचे आणि मग ओढून सरळ करायचे. स्कूटी बंद. दुसऱ्या एका डॉक्टरांनी वय सांगितलं, पाळी जायचं वय आहे, अंग दुखतं, कॅल्शियम घ्या. पेनकिलरनं ॲसिडिटी सुरू झाली, तिची वेगळी गोळी. आणि दुखतंय म्हणून मी काय करत होते, तर हात अंगाशी घट्ट धरून ठेवत होते, ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवत होते, हलवायचाच नाही म्हणजे दुखणार नाही. घरात सगळे पण हेच सांगायचे, आराम दे हाताला. हे सगळ्यात चुकीचं होतं, पण ते पुढं कळलं.

ऑक्टोबरच्या शेवटी भावानं जबरदस्तीनं मिरजेला नेलं, एका हाडाच्या डॉक्टरांकडं. मिरज म्हणजे आमच्याकडं दवाखान्यांचंच गाव, आणि माझ्यासाठी सतारमेकर गल्लीचं गाव, माझी पेटी पण मिरजेतच सूर लावायला जाते. त्या दिवशी गल्लीवरनं जाताना आत बघायला सुद्धा मन झालं नाही. क्लास बंद होऊन तीन महिने होत आले होते.

डॉक्टर वयानं लहान होते, चाळिशीच्या आतले. आधी माझा हात मला हलवायला लावला, मग त्यांनी स्वतः धरून हलवला. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवा म्हणाले, दार उघडल्यासारखा, उजवा छान फिरला आणि डावा जागचा हलेना, त्यांनी ढकलला तरी हलेना. म्हणाले, नुसता स्नायू ओढला असता तर मी हलवल्यावर हलला असता, हा सांधाच आवळलाय, फ्रोझन शोल्डर. मग विचारलं कधी सुरू झालं. आणि मी, इतके महिने ऐकून ऐकून, म्हणलं पुरात सामान उचललं तेव्हापासून. खरंच तसंच म्हणलं मी. मलाच वाटायला लागलं होतं की तसंच असेल.

लेक बरोबर होती. ती म्हणाली, "नाही आई, एकादशीला मी भाता मारला होता की. तेव्हा पूर कुठं होता?" आणि तिनं मोबाईलमधला तो व्हिडिओ काढला. २० जुलै. मग मी बहिणीचा मेसेज शोधला. ९ जुलै, ११:४०.

डॉक्टरांनी दोन्ही नीट बघितलं. मग म्हणाले, कुठं टोचलं होतं, बोट ठेवून दाखवा. मी ठेवलं. त्यांनी माझंच बोट धरून खांद्याच्या टोकाचं हाड दाखवलं, चाचपलं की लागतं ते, आणि तिथून खाली दोन-अडीच बोटं मोजून म्हणाले, सुई इथं जायला हवी होती, तुम्ही दाखवताय ते जवळपास हाडाच्या कडेला आहे. कागदावर चित्र काढून दिलं. खांद्यावर जो जाड स्नायू असतो, डेल्टॉइड, लस त्यात जायची असते. पण त्याच्या वरच्या भागात, हाडाच्या छपराखाली आणि स्नायूच्याही खाली एक पातळ पिशवी असते, बर्सा, सांधा हलताना घासू नये म्हणून, आणि तिच्याखाली हात उचलणारे दोर. जागा दोन बोटं वर गेली आणि माणूस बारीक असला की एक इंचाची सुई सरळ त्या पिशवीत किंवा दोरापर्यंत पोचू शकते. लस म्हणजे शरीराला जागं करायचंच औषध, स्नायूत ते काम दोन दिवसांत होऊन जातं, पण त्या पिशवीत पडलं की तिथंच सूज पेटते आणि राहते. माझं वजन तेव्हा ४९ किलो.

ते म्हणाले ह्याला सिर्व्हा म्हणतात, म्हणजे लस टोचताना खांद्याला झालेली इजा, आणि हे कोविडच्या लसीचं नाही, फ्लूची असो, धनुर्वाताची असो, दंडात टोचायची कुठलीही असो. २०१० मध्ये अमेरिकेत अशा १३ माणसांचा एकत्र अभ्यास छापून आला तेव्हापासून हे नाव रुळलं आणि २०१७ पासून तिथल्या सरकारी भरपाईच्या यादीतही हे दुखणं आहे. आणि तिथं एक मुख्य अट काय असते माहितीये का, दुखणं टोचल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं, आणि आधी त्या खांद्याचं काही नको. मी त्या मेसेजकडं बघत बसले. १२ तास सुद्धा झाले नव्हते. मला रडू आलं तिथं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणलं होतं की तुम्ही सांगताय ते बरोबर आहे.

एमआरआय केला, सहा हजार गेले. बर्सात पाणी, एका दोराला सूज, सांध्याचं आवरण जाड झालेलं. दोर तुटलेला नव्हता, नशीब. साखर आणि थायरॉइड पण तपासायला लावलं, कारण त्या दोन्हींत आणि बायकांना चाळिशी-पन्नाशीत फ्रोझन शोल्डर जास्त होतो. थायरॉइड ठीक, तीन महिन्यांची साखर ६.१, म्हणजे मधुमेह नाही पण उंबऱ्यावर. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की सुरुवात त्या सुईनं झाली हे तारखांवरनं दिसतंय, पण नंतर पुरातलं ओझं, मग हात झोळीत ठेवणं, त्यात साखर, ह्यातल्या कशाचा वाटा किती ते वेगळं काढता येणार नाही. मला ते पटलं, आजही पटतं. सगळं सुईवर टाकावं असं मला वाटत नाही. पण सुरुवात सुरुवातच असते.

उपाय म्हणजे सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि मग फिजिओ. त्याच खांद्यात परत सुई म्हणल्यावर माझे हातपाय गार पडले, दिवाळी होऊ दे म्हणून पंधरा दिवस पुढं ढकललं. मग नोव्हेंबरच्या मध्याला घेतलं. मागच्या बाजूनं, सोनोग्राफीत बघत बघत, भूल देऊन. आठवडाभर साखर वाढेल म्हणाले होते, वाढली, उतरली. पण त्या रात्री नाही, तिसऱ्या रात्री मी चार महिन्यांनी सलग सहा तास झोपले. ज्यांना रात्रीचा ठणका माहितीये त्यांना कळेल हे काय असतं.

दुखणं कमी झालं म्हणजे हात सुटला असं नाही. ते काम फिजिओचं. ३०० रुपये एका वेळचे, आठवड्यातनं तीनदा, बाकी रोज घरी. फिजिओच्या मॅडम कडक होत्या, झोळी पहिल्या दिवशी काढून घेतली, म्हणाल्या सांधा न हलवता ठेवला की तो आणखी चिकटतो. सुरुवातीला वाकून उजवा हात टेबलावर टेकायचा आणि डावा नुसता लोंबकळत सोडायचा, घड्याळाच्या लंबकासारखा, पुढं-मागं, मग गोल. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलनं खूण करून तारीख टाकायला लागले. पहिली खूण माझ्या हनुवटीच्या उंचीची आहे. मग दरवाज्यावर पुली लावून दिली भावानं, उजव्या हातानं ओढून डावा वर न्यायचा. टॉवेल पाठीमागं धरून आंघोळीत पाठ पुसतो तसं ओढायचं, ह्यात मात्र डोळ्यांतनं पाणी यायचं. आधी गरम पाण्याची पिशवी, मग व्यायाम, मग बर्फ. दुखेपर्यंत करायचं पण दुखणं तासाभरात उतरायला हवं, रात्रभर राहिलं तर जास्त झालं, हा त्यांचा हिशेब, तो मला फार उपयोगी पडला.

डिसेंबरात तीन आठवडे एकही नवी खूण नाही. तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या वर नाही सरकली, पण दार उघडण्याचा कोन बघा, तो वाढलाय. संक्रांतीला मी माझी वेणी मी घातली. २ एप्रिलला पाडव्याची गुढी दोन्ही हातांनी उभारली, हे म्हणाले मी धरतो, म्हणलं नको. ब्लाऊजचे मागचे हुक लागायला जून उजाडला, सगळ्यात शेवटी तेच आलं, आणि अजूनही थंडीत तिथं थोडं अडतं.

मधल्या काळात एक गोष्ट करायचा प्रयत्न केला. लस टोचल्यानंतर झालेल्या त्रासाची नोंद सरकारकडं व्हायची असते, एईएफआय म्हणतात त्याला. त्यात कारणांचे वेगवेगळे कप्पे असतात, लसीचाच गुण, लसीच्या दर्जातला दोष, टोचताना झालेली चूक, भीतीनं झालेला त्रास, आणि नुसता योगायोग. माझं तिसऱ्या कप्प्यातलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती आणि एमआरआय घेऊन मी गेले नोंद करायला. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, ॲडमिट झाला होता? नाही. चक्कर, रक्ताची गाठ, ॲलर्जी? नाही. मग नुसतं हात दुखण्याची काय नोंद करायची, सगळ्यांचाच दुखतो. मी चित्र दाखवलं, तारखा दाखवल्या. कागद ठेवून घेतले त्यांनी, पोच मागितली तर शिक्का मारून दिला, पुढं काही आलं नाही. मला पैसे नको होते. पुढच्या ट्रेनिंगमध्ये कुणीतरी एवढं एक सांगावं की बाही वर करून टोचा, गळ्याकडनं ओढून नको, एवढ्यासाठीच गेले होते. नोंदच नसेल तर तिथपर्यंत पोचणार कसं.

तुमच्यापैकी कुणाचं असं काही चालू असेल तर सांगते, साधं दुखणं दंडाच्या मांसात असतं आणि दोन-तीन दिवसांत रोज थोडं थोडं उतरत जातं. तसं न होता वरच्या टोकाला ठणका असेल, हात वर किंवा मागं न्यायला अडत असेल, आठ-दहा दिवस झाले तरी तसंच असेल, तर माझ्यासारखे तीन महिने घालवू नका, थेट हाडाच्या डॉक्टरांकडं जा, आणि कुठं टोचलं ते न विचारता आपणहून बोटानं दाखवा. तारीख लिहून ठेवा. कधी सुरू झालं हे आपण स्वतःच विसरतो, मी विसरलेच होते.

तिसरा डोस. जुलै २०२२ पासून तो १८ च्या पुढच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर फुकट सुरू झाला. घरात सगळ्यांना वाटत होतं मी घेणार नाही. सासूबाई तर म्हणाल्या, तुला कुणी नाव नाही ठेवणार. पण मला मे आठवत होता. ऑगस्टमध्ये गेले, बिनबाहीच्या झंपरावर साडी नेसून. ह्या वेळी उजवा हात दिला. आत एक नवी पोरगी होती, पंचविशीची असेल. मी म्हणलं, "सिस्टर, बाळा, एक विनंती आहे, रागावू नका. माझ्या दुसऱ्या हाताला वर टोचलं गेलं होतं, वर्षभर भोगलंय. जरा बसून द्याल का?" मला वाटलं वैतागेल. तिनं स्टूल पायानं ओढून घेतलं, समोर बसली, माझा हात कमरेवर ठेवायला सांगितला. मग खांद्याचं हाड चाचपलं, त्याच्या खाली आपली दोन बोटं आडवी ठेवली, मग तिसरं ठेवलं, आणि त्याच्या खाली टोचलं. मांसात गेल्याचं मला कळलं.

शनिवारी दंड जड होता, रविवारी थोडा कमी. सोमवारी सकाळी क्लासची पोरं यायच्या आधी मी पेटी काढली, डावा हात मागं भात्यावर टाकला, उजव्यानं सा धरला आणि बराच वेळ तोच धरून ठेवला. मग बहिणीला मेसेज केला, "दोन्ही हात ठीक आहेत."